पाऊणपट

विजयदुर्गच्या बंद बर्फ-कारखान्यात माझं टेबल आहे:
दोन मीटर पोलाद, चारही पायांत हवा,
की रस्त्यावरून डंपर गेला तरी आरशांना कळू नये.
डिटेक्टर उणे पन्नास अंशांवर.
मासळी गेली, थंडी राहिली, असं नझीर सोलकर म्हणतो.
डीह्युमिडिफायर रोज सकाळी
हवा पिळून एक कळशी पाणी देतो.
ते मी मागच्या माडाला घालते.

तांबडा लेसर नखाएवढ्या स्फटिकात शिरतो
आणि कोट्यवधींतून एखाद्या कणाचे दोन होतात.
जुळे म्हणायची पद्धत आहे. मला पटत नाही;
जुळ्यांना निदान वेगवेगळी नावं ठेवतात.
ह्यांचं एकेकट्याचं असं काहीच नसतं.
जे आहे ते दोघांत मिळून,
सामायिक सातबाऱ्यावरच्या कलमांसारखं,
वाटणी मागितली की गेलं.

एक मी इथेच मोजते.
दुसरा अंधाऱ्या फायबरमधून, खाडीखालून,
पलीकडे शाळेमागच्या खोलीत नझीरकडे.
मग फोनवर आम्ही कसं मोजलं तेवढंच बोलतो,
काय आलं ते नाही.
गुपित असंच तयार होतं.
चूक शेकडा तीन असली तर चालतं.
अकरा झाली की रात्र टाकून द्यायची.

भाद्रपदात चूक नऊ झाली. मग बारा. मग परत तीन.
नझीरने सगळे जोड तोडून पुन्हा वितळवले.
मी एसटीच्या वेळांवर संशय घेतला, वीजमंडळावर,
स्वतःच्या हातांवर.
बाहेर एलईडीवाल्या बोटींनी समुद्र पांढरा केला होता,
खिडकीला काळं कापड ठोकलं.
तरी टिकटिक.
कोणी आलेलं नसतानाही डिटेक्टर अधूनमधून वाजतो;
त्याला आमच्यात नाव आहे, इलाज नाही.

शेवटी महिन्याचा आलेख भिंतीवर चिकटवला.
दिवसाला चार डोंगर,
आणि रोज पन्नास मिनिटं उशिरा.

शेवंती जुवाटकर तिसऱ्यांची टोपली घेऊन आली,
दर वेळेसारखं विचारायला, "बर्फ आसा?"
नव्हता. मग भिंतीकडे बघून म्हणाली,
"ह्या तर पाणी."
कसं?
"तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळतली.
भरल्यार पाणी घडीभर उभा रवता. सुकल्यारय.
जोर मधी."

त्रयोदशी. तेराची पाऊणपट, पावणेदहा.
मी पेन्सिलीने खूण केली. दरी.
चतुर्दशी, साडेदहा. दरी.
अष्टमीला भांग, डोंगर जेमतेम उंबऱ्याएवढे.
मधल्या जोरात केबल चिखलावर बोटभर सरकत होती
आणि आत प्रकाश कूस बदलत होता.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली.
त्या रात्री उधाण असूनही चूक चारच्या वर गेली नाही.
फोनवर नझीर बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, "चहा टाकतो,"
जणू मी खाडी ओलांडून येणार होते.

माझी फेलोशिप मार्गशीर्षात संपते.
वाडीत विचारतात, शिकतेस की नोकरी करतेस?
पाणी उभं असतं ना, ती घडी, असं सांगता आलं असतं.
"दोन्ही," म्हटलं.

काल परीक्षकाचा शेरा आला. निबंध बरा आहे.
मात्र पाऊणपटीच्या सूत्राला संदर्भ द्यावा.
दिला:
जुवाटकर, शे., तोंडी, गुडघाभर चिखलात,
वद्य त्रयोदशी, सुकतीला.

तारखेच्या रकान्यात तिथी घालून पाहिली.
रकाना लाल झाला.
अजून लालच आहे.